कोपऱ्यातली सही

माझी भाची टॅबवर चित्रं काढते. गेल्या साली महावीर जयंतीच्या आधी तिने त्रिशलामातेची सोळा स्वप्नं काढायला घेतली. कॉलेज सांभाळून, रात्री जागून, दीड महिना ती त्याच कामात होती. हत्ती, वृषभ, सिंह, कमळातली लक्ष्मी, दोन माळा, पूर्ण चंद्र, रत्नांची रास, धुराशिवायचा अग्नी, एकेक स्वप्न तिने वेगळ्या रंगाच्या प्रभेत बसवलं होतं. झोपलेल्या मातेच्या चेहऱ्यावर अशी शांती होती की आमच्या सासूबाईंनी मोबाइललाच हात जोडले. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला तिची बारीक सही होती.

जयंतीच्या दिवशी एका मंडळाच्या मिरवणुकीत तेच चित्र दहा फुटी फ्लेक्सवर दिसलं. मला केवढा आनंद झाला! मी फोटो काढून भाचीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "मावशी, माझं नाव कुठे गेलं?"

मी बघितलं. सही नव्हती. तिच्या जागी फ्लेक्स देणाऱ्या दुकानाचं नाव होतं. मी म्हटलं, "अगं, धर्माच्याच कामाला लागलं ना चित्र! नावाचं काय घेऊन बसलीस?"

ती काही बोलली नाही. फोन ठेवला. त्या न बोलण्याने मला दोन दिवस चैन पडेना. तिसऱ्या दिवशी मी माझ्याच मोबाइलमधले जुने निरोप काढून पाहिले, आणि चोर सापडला. चित्र स्टेटसला नीट बसेना म्हणून मीच त्याच्या कडा कापल्या होत्या आणि तेच कापलेलं चित्र चार ग्रुपवर पाठवलं होतं. फ्लेक्सवाल्याकडे सही आलीच नव्हती, मग तो छापणार काय!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी असं केलं असेल, मनात आठवून बघा. मी तेव्हापासून या सहीचा इतिहास शोधत बसले. तो वाटला त्याहून जुना निघाला, आणि त्यात बायका पुष्कळ भेटल्या.

आपल्या घरापासूनच सुरुवात करते. माझ्या आजोबांच्या पेढीवर लक्ष्मीची एक तसबीर होती. दिवाळीला वहीपूजन तिच्याच समोर व्हायचं. आजीने त्या छापील लक्ष्मीच्या लुगड्याला खऱ्या जरीचे काठ शिवले होते आणि गळ्यात बारीक मणी ओवले होते. पूर्वी पुष्कळ घरांत बायका अशा तसबिरी सजवत. ती लक्ष्मी होती राजा रविवर्म्यांची. आजीला ते नाव ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती 'पेढीवरची लक्ष्मी'.

रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचे. जन्म १८४८, मृत्यू १९०६. पण त्यांच्या चित्रांना घरोघर नेणारी वाट बडोद्यावरून आणि मुंबईवरून गेली. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याला त्यांनी पौराणिक चित्रांची मोठी मालिका रंगवली. दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं, की एवढ्या मागणीला एक हात पुरा पडणार नाही, तेव्हा चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात त्यांचा छापखाना सुरू झाला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर, एकेका रंगासाठी वेगळा दगड. शकुंतलेच्या जन्माचं चित्र तिथे पहिल्यांदा छापलं गेलं. पुढे प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला.

राजवाड्यातली सरस्वती सामान्य माणसाच्या भिंतीवर आली, ही गोष्ट थोर खरीच. देवळाच्या पायरीवर ज्यांना थांबवलं जायचं त्यांच्याही घरी देव आले. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. चित्र दगडावरून कागदावर उतरलं, की त्या कागदावरून पुन्हा दुसऱ्या दगडावर उतरवायला वेळ लागत नाही. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या नकला दुसऱ्या छापखान्यांनी काढल्या. कापडाच्या गाठींची लेबलं, काड्यापेट्या, कॅलेंडरं, सगळीकडे त्यांच्याच नायिका दिसू लागल्या. त्या काळी इथे १८४७ चा कायदा होता तो पुस्तकांसाठी, चित्रकाराने बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. छापखान्यावर कर्ज झालं, आणि शेवटी रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला. चित्रं छापायचे हक्कही त्याबरोबर गेले. व्यवसाय बुडण्याची कारणं अनेक होती, सगळा दोष नकलांचा नाही. तरी ज्याच्या चित्रांवर पुढे कितीतरी छापखाने चालले, त्याला स्वतःचा छापखाना सांभाळता आला नाही, हे विसरू नये.

आता जरा लांब जाऊ. जर्मनीत न्यूरेंबर्ग शहरात आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा चित्रकार होता. तो लाकडावर चित्रं कोरून त्यांचे छाप विकायचा. विकायचं काम पुष्कळदा त्याची बायको आग्नेस करायची. फ्रँकफर्टच्या जत्रेत मांडणी करून बसायची ती हीच. ड्यूरर प्रत्येक चित्रात आपल्या नावाची आद्याक्षरं कोरायचा, मोठ्या 'ए'च्या पायांत छोटा 'डी'. लोक ती खूण बघून चित्र घेत.

इटलीत मार्कान्तोनिओ राइमोंदी नावाच्या कारागिराने ड्यूररची मेरीमातेच्या आयुष्यावरची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर हुबेहूब उतरवली, खुणेसकट. वासारी या चरित्रकाराने लिहून ठेवलंय, की ड्यूररने व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांकडे तक्रार नेली, आणि त्यांनी एवढंच बजावलं की इतःपर त्याची खूण वापरू नकोस. चित्राची नक्कल करायला मनाई नाही! वासारीच्या तपशिलात घोटाळे आहेत असं अभ्यासक म्हणतात. पण असाच निवाडा १५१२ साली खुद्द न्यूरेंबर्गच्या नगरसभेने दिल्याची नोंद आहे. नगरभवनासमोर कोणी परका ड्यूररच्या खोट्या खुणेची चित्रं विकत होता. त्याला सांगण्यात आलं, खुणा काढून टाक, नाहीतर माल जप्त होईल.

म्हणजे बघा, चित्राच्या मालकीचा विचार कायद्याला सुचायच्या आधी सहीचा विचार सुचला. दुसऱ्याचं नाव आपल्या मालावर लावणं ही लबाडी आहे, हे बाजारातल्या साध्या माणसालाही समजत होतं. आमच्या फ्लेक्सवर झालं ते त्याच्या उलट. माल दुसरीचा, नाव दुकानाचं.

पुढची पायरी लंडनमध्ये चढली गेली. विल्यम होगार्थने १७३२ मध्ये खेड्यातून शहरात आलेल्या एका मुलीची दुर्दशा सहा चित्रांत दाखवली. छाप धडाधड खपले, आणि त्याहून धडाधड नकला खपल्या. चिडून त्याने सोबतच्या कलाकारांना घेऊन पार्लमेंटकडे अर्ज केला. १७३५ मध्ये कायदा झाला. चित्र कोरणाऱ्याला १४ वर्षं हक्क मिळाला. अट अशी, की छापाच्या पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरलेली हवी. होगार्थने आपली पुढची मालिका कायदा लागू होईपर्यंत मुद्दाम रोखून धरली. तरी काही दुकानदारांनी गिऱ्हाईक म्हणून माणसं त्याच्याकडे पाठवली. त्यांनी चित्रं डोळ्यांत साठवून घेतली आणि बाहेर जाऊन नकला काढवल्या. 'नुसतं बघायला आलोय' ही सबब तेव्हापासूनची आहे बरं का.

होगार्थ १७६४ मध्ये गेला. मागे बायको जेन. मूल नव्हतं, इस्टेट म्हणजे घरातले ते कोरलेले तांब्याचे पत्रे. जेनने रडत न बसता नवऱ्याच्या चित्रांचे छाप काढून विकायचा धंदा चालू ठेवला. १७६७ मध्ये कायदा सुधारला, मुदत २८ वर्षं झाली, आणि त्या कायद्यात जेन होगार्थ या विधवेसाठी खास कलम घातलं गेलं. तिला नवऱ्याच्या चित्रांवर आणखी २० वर्षांचा हक्क मिळाला. मला हे वाचून उगाचच भरून आलं. कॉपीराइट म्हटलं की वकील आणि मोठमोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे येतात. इथे एका बाईची चूल त्याच्यावर चालली होती.

एवढं वाचून झाल्यावर माझ्या मनात उलटा प्रश्न आला. आपल्याकडे तर प्रत काढणं हे पुण्य मानलंय! शास्त्रदान म्हणजे दुसरं काय? आम्हा बेळगावकडच्या बायकांना अत्तिमब्बेचं नाव नवीन नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी चालुक्यांच्या राज्यात ही श्राविका होऊन गेली. तरुणपणी नवरा गेला, पण तिने जन्म दानात घालवला, म्हणून तिला 'दानचिंतामणी' म्हणतात. गदगजवळ लक्कुंडीला तिने बांधवलेली बसदी अजून उभी आहे. कवी पोन्नाचं 'शांतिपुराण' नाहीसं होईल या काळजीने तिने त्याच्या ताडपत्रांवर हजार प्रती करवून वाटल्या. कुठलं यंत्र नाही, काही नाही. हजार प्रती हातांनी!

मग अत्तिमब्बेने केलं ते पुण्य आणि मी चार ग्रुपवर पाठवलं ती चूक, हे कसं काय?

विचार करता करता उत्तर मिळालं. अत्तिमब्बेच्या हजार प्रतींत पोन्नाचं नाव हजार वेळा लिहिलं गेलं. त्या प्रतींमुळे आज पोन्न आपल्याला ठाऊक आहे. तिने खर्च स्वतःचा केला आणि नाव कवीचं राखलं. मी खर्च भाचीच्या दीड महिन्याचा केला आणि नाव तिचंच पुसलं. प्रत दोघींनी काढली, पण एकीच्या प्रतीने कर्ता जगला, दुसरीच्या प्रतीने हरवला.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक आपलं नाव, गाव, तिथी लिहायचे. कोणासाठी लिहिलं तेही लिहायचे. चित्रकारांच्या वाट्याला मात्र हे भाग्य क्वचित आलं. कल्पसूत्राच्या पोथ्यांतली सोन्या-निळ्यातली चित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, पण ती काढणारे हात बहुतेक अनामिक आहेत. १६१० साली आग्र्याच्या जैन संघाने आपल्या आचार्यांना पाठवलेल्या चित्रमय विज्ञप्तिपत्रावर उस्ताद शालिवाहनाचं नाव आहे. असं एखादं नाव सापडलं की अभ्यासक किती हरखतात! 'आपली परंपरा नावाची हाव न धरणारी आहे' असं आपण अभिमानाने म्हणतो. पण स्वतःचं नाव सोडणं हा त्याग असतो. दुसऱ्याचं नाव सोडून देणं याला त्याग म्हणत नाहीत.

आता आपल्या देशाचा कायदा थोडक्यात सांगते, कारण आपल्याला तो माहीत नसतो म्हणूनच निम्म्या चुका होतात. १९१४ मध्ये इंग्रजांचा कायदा इथे लागू झाला आणि चित्रंही त्यात आली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. चित्र काढून झालं की त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी करावीच लागते असं नाही, केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो. मुदत आधी कलाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं होती. टागोरांच्या साहित्याची मुदत संपायला आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती ६० केली. म्हणून रविवर्म्यांची चित्रं आज कुणीही छापावीत, ती सगळ्यांची आहेत. पण गोव्याचे दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांचा २०३६ अखेरपर्यंत. दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठं आपण 'जुन्या आठवणी' म्हणून सर्रास पाठवतो, तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं. निदान नाव तरी कापू नये.

याच कायद्यात ५७ वं कलम आहे. चित्राचे हक्क विकले तरी 'हे मी केलं' असं म्हणण्याचा आणि आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं मोठं कांस्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकलं गेलं, त्याचे तुकडे झाले. हक्क सरकारच्या नावे होते. तरी ते १९९२ मध्ये कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाने तेरा वर्षं वाट पाहिली ती काय पाच लाखांसाठी?

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली, ती थेट आपल्या मोबाइलची आहे. चित्रावरचं कलाकाराचं नाव किंवा हक्काची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मी अजाणता केलं, हे माझं नशीब.

मग करायचं काय, चित्रं दाखवायचीच नाहीत? माझ्या भाचीने तेच ठरवलं होतं. मी तिला म्हटलं, "असं नको करूस. त्रिशलामाता कुलपात ठेवून कुणाचं भलं होणार?" मग आम्ही दोघींनी बसून काही नियम केले. तुमच्या घरातल्या मुलींनाही ते सांगा.

मूळ मोठं चित्र कुणालाही द्यायचं नाही. दाखवायला लहान प्रत ठेवायची, जी मोबाइलवर छान दिसेल पण फ्लेक्सवर फाटेल. सही कोपऱ्यात न घालता चित्राच्या आत घालायची, पदराच्या काठात किंवा पलंगाच्या पायाशी, की ती कापायची तर चित्रच कापावं लागेल. थरांसह मूळ फाइल आणि कच्ची रेखाटनं तारखांसकट जपून ठेवायची, हाच पुरावा. फाइलच्या पोटात नाव लिहिता येतं तेही लिहावं, पण त्यावर विसंबू नये, कारण निरोपाच्या अनेक अ‍ॅपवरून चित्र गेलं की ही माहिती गळून पडते. चित्राखाली स्पष्ट लिहावं: घरी बघायला, नावासह पुढे पाठवायला हरकत नाही, छापायचं असल्यास विचारा. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने २००२ पासून आहेत, त्यांतही 'श्रेय द्या आणि वापरा' अशी सोय असते. कुणी पैसे देऊन चित्र मागितलं तर कशासाठी, किती वर्षांसाठी, हे कागदावर घ्यावं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि चित्र कुठे नावाशिवाय दिसलं तर आधी त्याचा फोटो आणि तारीख टिपून ठेवावी, मग सौम्यपणे विचारावं. ऐकलं नाही तर त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार करावी. कायद्याप्रमाणे त्यांना ३६ तासांत ते चित्र थांबवावं लागतं. पुढे २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर ते पुन्हा दिसू शकतं, हेही माहीत असू द्या.

आणि आपण, पाठवणाऱ्यांनी? आपल्याला तर हे पाठशाळेतच शिकवलंय. अचौर्य अणुव्रताला शास्त्रात 'अदत्तादान' सोडणं म्हटलंय, न दिलेलं न घेणं. त्याचे जे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात घोकतो, त्यांत चोरीचा माल घेणं आहे आणि 'प्रतिरूपक व्यवहार'ही आहे, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणं. मी ते शब्द किती वर्षं म्हणत आले, आणि तुपातली भेसळ सोडून दुसरं काही त्यात दिसलं नाही.

'धर्माच्या कामाला लागलं' हे माझं वाक्य मला आता खटकतं. दान पवित्र खरं, पण ते देणाऱ्याने द्यायचं असतं. दुसऱ्याच्या खिशातून काढून पेटीत टाकलं तर त्याला दान म्हणत नाहीत. त्या मुलीला विचारलं असतं तर तिने हसत दिलं असतं, हे मला माहीत आहे. विचारायला अर्धा मिनिट लागला असता.

मी मंडळाच्या अध्यक्षबाईंना भेटून सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आम्हाला काय माहीत, ग्रुपवर आलं होतं!" खरं होतं त्यांचं. यंदाच्या जयंतीला त्यांनी भाचीला आधी फोन केला. तिने मोठी फाइल दिली, पैसे घेतले नाहीत. फ्लेक्सवर मातेच्या पायाशी, पलंगाच्या काठावर तिची सही होती.

मिरवणूक बघताना आमच्या सासूबाईंना ती दिसली नाही, डोळे अधू झालेत. भाचीने त्यांचा हात धरून बोट त्या जागेवर ठेवलं.